ना नाव, ना नंबर : बल्बमधला पिवळा ठिपका किती व्होल्टचा, हे ओळखायचं कसं?

भंडारा जिल्ह्यात उन्हाळी धान घेणाऱ्या शेतकऱ्याला टॉर्चची किंमत विचारू नये. कृषिपंपाच्या फीडरला काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री थ्री-फेज वीज मिळते. पाळी रात्रीची असली की मोटार सुरू करायला रात्रीच बांधावर जावं लागतं. त्यात कोका, नागझिरा, उमरेड-पवनी-कऱ्हांडला या जंगलांना लागून असलेली गावं म्हटली की पायाखालच्या सापापासून समोरच्या रानडुकरापर्यंत, आणि प्रसंगी वाघापर्यंत, सगळं आलं. तिथं अर्ध्या वाटेत टॉर्च बंद पडणं ही साधी गोष्ट नाही.

आता ही टॉर्च उघडून पाहा. आत ज्वारीच्या दाण्याएवढे, चपटे, पिवळ्या तोंडाचे ठिपके असतात. त्यातला एखादा जळतो. घरात बंद पडलेले एलईडी बल्ब पडलेलेच असतात आणि त्यांच्या पोटातही अगदी तसेच ठिपके असतात. मग बल्बातला ठिपका काढून टॉर्चमध्ये बसवला की झालं, असं वाटतं. पण बरेचदा तो पेटतच नाही. किंवा पेटतो आणि दोन दिवसांत काळा पडतो.

कारण एकच. दिसायला सारखे असले तरी हे ठिपके वेगवेगळ्या व्होल्टेजचे आणि वेगवेगळ्या करंटचे असतात. आणि त्यांच्यावर कुठंही काहीच लिहिलेलं नसतं.

तर मग ओळखायचं कसं? त्याचीच ही गोष्ट.

एसएमडी एलईडी म्हणजे काय आणि त्यावर काहीच का छापत नाहीत?

जुने एलईडी म्हणजे गोल टोपीचे आणि दोन लांब पायांचे. ते पाय सर्किट बोर्डाच्या छिद्रातून खाली काढून सोल्डर करायचे. एसएमडी एलईडीला पायच नसतात. तो बोर्डाच्या पृष्ठभागावरच चिकटवतात. मशीन मिनिटाला शेकडो एलईडी बसवतं, म्हणून तो स्वस्त पडतो. आज बल्ब, ट्यूब, टॉर्च, लायटिंगची पट्टी, टीव्हीचा बॅकलाइट, गाडीचा दिवा, सगळीकडे हाच असतो.

हे एलईडी कारखान्यात सुटे येत नाहीत. सिनेमाच्या रिळासारख्या पट्टीत हजारोंच्या संख्येनं गुंडाळून येतात. व्होल्टेज, करंट, रंगाची छटा ही सगळी माहिती त्या रिळाच्या लेबलवर असते. एलईडी बोर्डावर बसला आणि रीळ कचऱ्यात गेलं की ओळखपत्रही गेलं. तसंही तीन मिलिमीटरच्या ठिपक्यावर, त्यातही प्रकाश जिथून बाहेर पडतो त्या तोंडावर, छापणार तरी काय?

बल्बच्या बाहेरच्या अंगावर मात्र वॅट, व्होल्ट आणि बीआयएसची नोंदणी छापलेली असते. पुढं हिशेब करताना त्यातला वॅटचा आकडा फार कामाला येतो.

एवढे ठिपके आले कुठून?

केंद्र सरकारनं ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू केली. या योजनेतून देशभर ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. मार्च २०२१ मध्ये ग्राम उजाला आली. जुना पिवळा बल्ब द्या आणि १० रुपयांत ७ किंवा १२ वॅटचा एलईडी बल्ब न्या, अशी ती योजना. तिच्या पहिल्या टप्प्यात भंडाऱ्याच्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यातली गावं होती. बाजारातून घेतलेले बल्ब तर वेगळेच.

यातला कुठलाही बल्ब बंद पडला की बहुतेक वेळा आतले सगळे एलईडी मेलेले नसतात. ते एकामागोमाग एक असे साखळीत जोडलेले असतात. एक कडी तुटली की अख्खी साखळी बंद. म्हणजे नऊ एलईडीच्या बल्बमध्ये एक जळाला तरी आठ चांगले असू शकतात. फुकटातला हा माल वापरता यावा असं कुणालाही वाटेल. फक्त वॉरंटीतला बल्ब उघडू नका, तो बदलून घ्या.

पहिली खूण : माप

शाळेच्या कंपासपेटीतली पट्टीही चालते. व्हर्नियर कॅलिपर असेल तर उत्तम. एलईडीची लांबी-रुंदी मोजा. एलईडीचं नाव हे बहुतेक वेळा त्याचं मापच असतं.

– २८३५ : २.८ बाय ३.५ मिमी. बल्ब आणि ट्यूबमध्ये सगळ्यात जास्त हाच सापडतो. ०.२ वॅटपासून १ वॅटपर्यंत मिळतो.
– ३५२८ : माप तेच, पण एलईडी वेगळा. जुन्या लायटिंगच्या पट्ट्यांमध्ये असतो. साधारण २० मिलिअँपचा, अगदी कमी ताकदीचा.
– ५०५० : ५ बाय ५ मिमी. पोटात तीन चिप आणि बाजूला सहा टोकं. प्रत्येक चिपला साधारण २० मिलिअँप.
– ५७३० : ५.७ बाय ३ मिमी. साधारण अर्धा वॅट, १५० मिलिअँप.
– ०६०३, ०८०५, १२०६ : चार्जर, रिमोट, सेटटॉप बॉक्समधले इंडिकेटर. साधारण २० मिलिअँपच्या आतलेच.

इथं दोन ठिकाणी फसायला होतं. एक, शेवटच्या ओळीतली नावं मिलिमीटरमध्ये नसून इंचाच्या शंभराव्या भागात आहेत. ०६०३ म्हणजे ०.०६ बाय ०.०३ इंच, म्हणजेच १.६ बाय ०.८ मिमी. दोन, २८३५ आणि ३५२८ पट्टीवर सारखेच दिसतात. मग उलटे करून पाहा. ३५२८ चं पिवळं तोंड गोल असतं आणि खाली दोन्ही टोकांना छोटे संपर्क असतात. २८३५ चं पिवळं तोंड जवळजवळ पूर्ण चौकोन भरतं आणि खालचा बराच भाग धातूचा असतो. तो धातू उष्णता खाली सोडण्यासाठी असतो. म्हणजेच हा एलईडी जास्त ताकदीचा.

दुसरी खूण : रंग

एलईडी किती व्होल्टला पेटेल हे त्याच्या रंगावर अवलंबून असतं आणि यामागं साधं भौतिकशास्त्र आहे. निळ्या प्रकाशाच्या कणात लाल प्रकाशाच्या कणापेक्षा जास्त ऊर्जा असते. ती द्यायला व्होल्टेजही जास्त लागतं. अंदाजासाठी १२४० ला प्रकाशाच्या तरंगलांबीनं, म्हणजे नॅनोमीटरच्या आकड्यानं, भागा. लाल ६३० चा, उत्तर येतं जवळपास २. निळा ४५० चा, उत्तर येतं जवळपास २.८. प्रत्यक्षातलं व्होल्टेजही याच्याच आसपास असतं. लाल आणि पिवळा १.८ ते २.२, निळा आणि पांढरा २.८ ते ३.४. हिरव्यात जुना प्रकार २ च्या आसपासचा आणि नवा, जास्त झगझगीत प्रकार ३ च्या आसपासचा.

पांढरा एलईडी निळ्याच्या रांगेत कसा? कारण तो मुळात निळाच असतो. निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर देतात आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरा प्रकाश दिसतो. बंद असताना तोंड पिवळं दिसतं ते त्यामुळंच. हा निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग बल्बातला एलईडी टॉर्चमध्ये का पेटत नाही?

खरी गोम इथं आहे. एका पांढऱ्या चिपला ३ व्होल्ट लागतात. पण बल्ब बनवणारे एकाच पिवळ्या तोंडाखाली दोन, तीन किंवा सहा चिप साखळीत बसवलेले एलईडीही वापरतात. तो एलईडी मग ६, ९ किंवा १८ व्होल्टचा होतो. बाहेरून माप तेच २८३५ आणि रूपही तेच. टॉर्चची बॅटरी असते ४ व्होल्टची. ९ व्होल्टचा एलईडी तिथं पेटणार कसा? तो मेलेला नसतो, त्याला पुरेसं व्होल्टेज मिळत नसतं. चांगले एलईडी ‘खराब’ म्हणून फेकले जातात ते याच गैरसमजातून.

टीव्ही दुरुस्त करणाऱ्यांना हे रोजचं आहे. बॅकलाइटमध्ये ३ व्होल्टचे आणि ६ व्होल्टचे एलईडी एकाच मापात येतात. ६ च्या जागी ३ चा बसवला तर तिथला प्रकाश बाकीच्यांपेक्षा वेगळा पडतो किंवा टीव्ही बॅकलाइटच बंद करतो.

व्होल्टेज मोजायचं कसं?

सामान फार लागत नाही. साधा मल्टिमीटर, ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी आणि १००० ओहमचा म्हणजे १ के रेझिस्टर.

१. बल्बमधला एलईडी तपासायचा असेल तर तो बल्ब होल्डरमधून काढलेला असला पाहिजे. चालू बल्बवर यातलं काहीही करायचं नाही.

२. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा आणि दोन टोकं एलईडीच्या दोन टोकांना लावा. नाही पेटला तर उलटी करून लावा. लाल, पिवळा बहुधा पेटेल. पांढरा, निळा अगदी मंद पेटेल किंवा पेटणारच नाही, कारण बऱ्याच मीटरमधून इथं जेमतेम २ ते ३ व्होल्टच येतात. एलईडीचा कापलेला कोपरा बहुतेक वेळा मायनसची बाजू दाखवतो. पण सगळे कारखाने तो नियम पाळत नाहीत, म्हणून खुणेवर विसंबू नका.

३. आता बॅटरीचा प्लस, मग रेझिस्टर, मग एलईडी, मग बॅटरीचा मायनस असं जोडा. रेझिस्टर वगळायचा नाही. तो असल्यामुळं एलईडीतून फार तर ६-७ मिलिअँप जातात आणि तेवढ्यात लहानातला लहान एलईडीही सुरक्षित राहतो. नाही पेटला तर क्षणभरच उलटा लावून पाहा. उलट दिशेचं व्होल्टेज एलईडीला फार वेळ सोसत नाही.

४. पेटला की मीटर डीसी व्होल्टवर घेऊन थेट एलईडीच्या दोन टोकांवर मोजा. आकडा १.८ च्या आसपास आला तर लाल किंवा पिवळा. २.६ ते ३ आला तर एका चिपचा पांढरा किंवा निळा. ५.३ ते ६ आला तर दोन चिपचा, म्हणजेच ‘६ व्होल्टचा’. इतक्या कमी करंटला आकडा थोडा कमीच येतो, त्यात काही चूक नाही.

५. पेटलाच नाही किंवा अगदीच मिणमिणला तर लगेच फेकू नका. ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढं एक जोडून १८ व्होल्ट करा, रेझिस्टर तोच ठेवा. आता ८ ते ९ व्होल्ट आले तर तो तीन चिपचा. तरीही अंधार असेल तर तीन बॅटऱ्या आणि २२०० ओहमचा रेझिस्टर लावा. १८ व्होल्टचा एलईडी इथं पेटतो. पायरी नेहमी खालून वर. आधी ९, मग १८, मग २७.

आणखी एक सोपी युक्ती. एलईडी अगदी मंद पेटलेला असताना मोबाइलचा कॅमेरा झूम करून त्याचं तोंड पाहा. पिवळ्या थराखाली चमकणारे वेगवेगळे बिंदू दिसले तर तेवढ्या चिप आत आहेत.

करंट मात्र असा मोजता येत नाही

व्होल्टेज हा एलईडीचा स्वभाव आहे, तो मीटरवर दिसतो. ‘किती मिलिअँपचा’ हा आकडा मात्र कुठल्याही मीटरवर येत नाही. कारण एलईडी स्वतः करंट ठरवत नाही, सर्किट देईल तेवढा तो घेतो. व्होल्टेज एकदा ३ च्या पुढं गेलं की ते थोडंसं वाढवलं तरी करंट झपाट्यानं वाढतो. २० मिलिअँपच्या एलईडीला ६० दिले तरी तो पेटतो. उलट जास्त झगझगीत पेटतो, म्हणून माणूस खूश होतो. आतली चिप मात्र तापत जाते, फॉस्फर करपतो आणि मधोमध काळा डाग पडतो.

म्हणजे करंटचं रेटिंग ही उष्णतेची मर्यादा आहे. ती मोजून सापडत नाही, पुरावे गोळा करून ठरवावी लागते. पुरावे तीन.

एक, माप. वर दिलेल्या यादीतून एलईडी कोणत्या गटातला हे कळतं.

दोन, जुनं सर्किट. हा सगळ्यात भरवशाचा पुरावा. समजा १२ व्होल्टच्या लायटिंगच्या पट्टीवर तीन पांढरे एलईडी आणि १५१ छापलेला एक रेझिस्टर आहे. १५१ म्हणजे १५ च्या पुढं एक शून्य, म्हणजे १५० ओहम. तीन एलईडी मिळून ९ व्होल्ट घेतात, उरले ३. तीनला १५० नं भागलं की ०.०२ अँपिअर. कारखान्यानं त्या एलईडीला २० मिलिअँप दिलेत, हे कळलं.

बल्बचा हिशेब असाच. समजा बल्बवर ९ वॅट लिहिलंय, आत नऊ एलईडी एकाच साखळीत आहेत आणि मोजल्यावर प्रत्येक ९ व्होल्टचा निघाला. एकूण ८१ व्होल्ट. थोडी वीज ड्रायव्हर खातो, म्हणून एलईडीच्या वाट्याला ८ वॅट धरा. ८ भागिले ८१, म्हणजे साधारण ०.१ अँपिअर किंवा १०० मिलिअँप. साखळ्या दोन असतील तर हा करंट दोघींत वाटला जातो. म्हणून हिशेबाआधी बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा नीट पाहा.

तीन, उष्णता. आणि भंडाऱ्यात तर हाच पुरावा सगळ्यात महत्त्वाचा.

कंपनीचे २५ अंश आणि विदर्भाचे ४५

एलईडीच्या माहितीपत्रकातले आकडे साधारण २५ अंश तापमानाला दिलेले असतात. पूर्व विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. टिनाच्या छपराखाली किंवा बंद झाकणाच्या दिव्यात तापमान त्याहूनही जास्त. बाहेरची हवाच गरम असली की एलईडीची उष्णता बाहेर जायला जागा उरत नाही. म्हणून हिवाळ्यात निभावलेला करंट उन्हाळ्यात जड जातो.

दुसरी गोष्ट, बल्बमधला एलईडी पांढऱ्या रंगाच्या ॲल्युमिनियमच्या चकतीवर बसवलेला असतो. ती चकती उष्णता ओढून घेते. म्हणून वरच्या उदाहरणातले १०० मिलिअँप हे एकट्या एलईडीचे नाहीत, चकतीसकट एलईडीचे आहेत. तोच एलईडी सुटा काढून नुसत्या वायरवर लटकवला तर १०० मिलिअँपला करपेल. सुट्या एलईडीसाठी १०-२० मिलिअँपवर थांबलेलं बरं. धातूच्या पत्र्यावर बसवला तरी जुन्या करंटच्या निम्म्याच्या पुढं जाऊ नये, कारण स्वस्त बल्बमध्ये एलईडी आधीच मर्यादेच्या काठावर चालवलेले असतात.

निम्म्या करंटला प्रकाश निम्मा होईल ही भीतीही फारशी खरी नाही. कमी करंटला एलईडी त्याच विजेतून थोडा जास्त प्रकाश काढतो आणि आपल्या डोळ्यालाही निम्मा प्रकाश निम्म्याहून जास्तच वाटतो. बॅटरी जास्त वेळ टिकते हा वरचा फायदा.

बॅटरीवरच्या सर्किटसाठी एक साधी कसोटी आहे. पाच-दहा मिनिटं चालू ठेवा आणि एलईडीच्या शेजारच्या धातूवर बोट टेकवा. बोट ठेवणं असह्य होत असेल तर करंट कमी करा.

टॉर्चसाठी रेझिस्टर कितीचा?

मोजल्यावर ३ व्होल्टचा पांढरा एलईडी हाती लागला. टॉर्चची बॅटरी ४ व्होल्टची आहे किंवा लिथियम सेल आहे. पूर्ण चार्ज झाल्यावर दोन्ही साधारण ४.२ व्होल्ट धरा. ४.२ उणे ३, म्हणजे १.२. करंट २० मिलिअँप हवा. १.२ भागिले ०.०२, म्हणजे ६० ओहम. बाजारात जवळचा ६८ ओहमचा मिळतो, तो घ्या. करंट १७-१८ मिलिअँपवर राहील.

एलईडी अनेक असतील तर प्रत्येकाला स्वतंत्र रेझिस्टर लावा. सगळ्यांना मिळून एकच लावला तर ज्याचं व्होल्टेज थोडं कमी तो जास्त करंट ओढतो, आधी जळतो आणि भार उरलेल्यांवर पडतो. टॉर्चमध्ये एकामागोमाग एलईडी जाण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

एलईडी ६ किंवा ९ व्होल्टचा निघाला तर तो या टॉर्चसाठी नाही. तो १२ व्होल्टच्या सोलर बॅटरीच्या दिव्यासाठी बाजूला ठेवा. टॉर्चला जुन्या लायटिंगच्या पट्टीतला ३ व्होल्टचा शोधा.

‘एका मिनिटात बल्ब दुरुस्त’वाली रील

काळा डाग पडलेला एलईडी खरवडायचा, त्या जागी सोल्डरचा थेंब टाकायचा आणि बल्ब चालू. असे व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत. बल्ब पेटतो हे खरं. पण रीलमध्ये पुढचं दाखवत नाहीत.

स्वस्त बल्बमध्ये एलईडीची चकती घरच्या २३० व्होल्टच्या लाइनशी थेट जोडलेली असू शकते. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसतोच. झाकण काढलेला बल्ब होल्डरमध्ये लावून हात लावणं म्हणजे उघड्या वायरला हात लावणं. बल्ब काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये काही काळ चार्ज राहतो. शिवाय ज्या बल्बचा ड्रायव्हर चकतीवरच असतो, तिथं एक एलईडी वगळला की त्याच्या वाट्याचं व्होल्टेज ड्रायव्हरच्या आयसीवर पडतं आणि ती जास्त तापते. बाकीचे एलईडीही तेवढेच तास तापून म्हातारे झालेले असतात. आज एक गेला, उद्या दुसरा जाणार.

म्हणून घरी प्रयोग करायचे ते बॅटरीवर. लाइनवरचा बल्ब दुरुस्त करायचा तर ज्याला ते काम येतं त्याच्याकडे द्या.

बॅटरीवर तपासलेला एलईडी मात्र सुटा ठेवू नका. छोट्या पाकिटात टाका आणि वर लिहा : माप २८३५, व्होल्टेज ३, करंट २० मिलिअँपपर्यंत, कुठून काढला. पुढच्या वेळी बांधावर निघायच्या तासभर आधी टॉर्चनं दगा दिला तर मीटर शोधत बसावं लागणार नाही.